पूर्तधर्म आणि आमचें नगर

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं मनुष्याच्या पुण्यकर्मांचे दोन भाग पाडले आहेत. एक इष्ट आणि दुसरें पूर्त. यज्ञयाग, अग्निहोत्र, अतिथिपूजन हें इष्ट. विहिरी खणणें, तळीं बांधणें, देवालयें उभारणें, वाटसरांसाठीं झाडें लावणें, अन्नदान करणें हें पूर्त. इष्ट घरांत घडतें, पूर्त गांवांत घडतें. इष्टाचा अधिकार शास्त्रकारांनीं मोजक्यांस दिला; पूर्ताचा मात्र स्त्रिया व शूद्र यांच्यासह सर्वांस दिला. शिवाय त्यांनीं असेंहि सांगून ठेविलें आहे कीं, नवें बांधणारापेक्षां मोडकळीस आलेलें सांवरणाराचें पुण्य अधिक. यासच जीर्णोद्धार म्हणतात.

संस्कृताच्या तासाला हा पूर्त शब्द आला म्हणजे आम्ही मुलांना विचारीत असूं, "तुमच्या गांवांत पूर्त कोठें आहे, दाखवा बरें!" मुलें भराभर देवळांचीं नांवें सांगत. पाण्याचा हौद, गांवची वेस, वाचनालय यांकडे बोट दाखविणारा विद्यार्थी विरळा. हल्लीं 'नागरी संस्था', 'वारसा-संवर्धन', 'शहर-विकास' हे शब्द सर्वांच्या तोंडीं झाले आहेत. शब्द नवे असले तरी वस्तु जुनी आहे. पूर्त आणि जीर्णोद्धार या दोन शब्दांत त्या सर्वांचा समावेश होतो. या दोन शब्दांच्या कसोटीवर आमचें शहर घांसून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. शहर म्हणजे अहमदनगर. २०२४ सालापासून सरकारदरबारीं अहिल्यानगर. आणि आम्हां जुन्या माणसांच्या बोलण्यांत नुसतें नगर.

पाण्यावर उभें राहिलेलें शहर

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद यानें १४९० सालीं भिंगाराजवळ बहामनी फौजेचा पराभव केला, आणि जेथें विजय मिळाला त्याच परिसरांत, सीना नदीच्या कांठीं, पुढें आपली राजधानी वसविली. जागा लष्करी दृष्टीनें चांगली. पाण्याच्या दृष्टीनें मात्र कठीण. सह्याद्रीचे माथे ओलांडतां ओलांडतां ढग रिते होतात व पूर्वेकडील या मुलुखाच्या वांट्याला उरलेंसुरलें येतें. वर्षाकाठीं सरासरी २२-२३ इंच पाऊस, तोहि बेभरंवशाचा. सीना उन्हाळ्यांत नांवापुरती नदी.

अशा ठिकाणीं हजारों माणसें, फौज, हत्तीघोडे आणि बागा यांस पाणी पुरवावयाचें, हा प्रश्न निजामशाहीच्या कारभाऱ्यांपुढें होता. त्यांनीं तो ज्या रीतीनें सोडविला ती आजच्या स्थापत्यविशारदांनींहि नीट पाहण्यासारखी आहे. कापूरवाडी, शहापूर, वडगांव, भिंगार इत्यादि बाजूंस, जेथें उंचवट्यावर जिवंत झरे होते तेथें विहिरी खणण्यांत आल्या. त्या विहिरींचें पाणी जमिनीखालून बांधीव मार्गानें व भाजक्या मातीच्या नळांनीं शहराकडे वळविलें. नळ एकमेकांत बसवून चुन्यानें सांधीत. हेच नगरचे प्रसिद्ध खापरी नळ. वाटेंत जागोजाग उसासे ठेवीत, म्हणजे नळांत कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढावयासहि सोय होई. पंप नाहीं, वाफ नाहीं, वीज नाहीं; केवळ जमिनीच्या उताराचा हिशेब अचूक. अशा एकदोन नव्हे, चांगल्या डझनभर वाहिन्या शहरांत, किल्ल्यांत व भोंवतालच्या बागांत येत आणि महाल, मशिदी व वाडे येथील हौदांत पडत. मलिक अंबरानें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, बांधलेली नहर आणि नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून पुण्यास आणलेलें पाणी हीं याच विद्येचीं पुढलीं उदाहरणें होत.

या पाण्याच्या कारभाराशीं सलाबतखान या प्रधानाचें नांव विशेष निगडित आहे. मूर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत (१५६५ ते १५८८) तो राज्याचा कारभार पाहत असे. भातोडीचें तळें त्यानें बांधविलें असें मानतात. फराहबागेंतील तळ्याच्या मध्यभागीं उभा असलेला अष्टकोनी महाल १५८३ सालीं त्याच्याच देखरेखीखालीं पुरा झाला. शहराच्या पूर्वेस शहा डोंगराच्या माथ्यावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. नगरास आलेला पाहुणा ती पाहावयास हटकून जातो. पण तिला सारे म्हणतात काय? चांदबिबीचा महाल! ज्यानें शहराला पाणी पाजलें त्याचें नांव त्याच्या कबरीवरसुद्धां राहिलें नाहीं. पूर्तकर्म करणाराच्या वांट्याला येणारी कृतज्ञता ही अशी असते. ती आपोआप टिकत नाहीं. जाणूनबुजून टिकवावी लागते.

दमडी मशिदीची कथा याहूनहि बोधप्रद आहे. मातीचा जुना किल्ला हुसेन निजामशहानें १५५९ पासून दगडांत बांधून काढला. त्या कामावर राबणाऱ्या मजुरांनीं आपल्या मजुरींतून एकेक दमडी बाजूस काढून १५६७ च्या सुमारास ही लहानशी मशीद उभारली, अशी परंपरा आहे. तिच्या दगडावरील नाजूक कोरीव काम पाहून कोणा सुलतानाच्या खजिन्याची आठवण व्हावी; पण ती उभी राहिली दमडीदमडीवर. लोकवर्गणीनें केलेल्या कामाचें इतकें जुनें व इतकें देखणें स्मारक ज्या शहरांत आहे, त्या शहराच्या नागरिकांनीं 'पैसा कोठून आणावा?' असा प्रश्न विचारावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

आणि चांदबिबी! १५९६ च्या फेब्रुवारींत मोंगलांनीं सुरुंग लावून किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडलें, तेव्हां ती स्वतः तेथें जाऊन उभी राहिली आणि रातोरात तें बुजवून घेतलें. इतिहास तिचें शौर्य गातो, तें योग्यच आहे. आम्ही तिची ही डागडुजीहि तितक्याच आदरानें आठवतों. ज्या रात्रीं खिंडार पडलें त्याच रात्रीं तें बुजविलें पाहिजे, उद्यांवर टाकतां कामा नये, हें तिला समजलें होतें.

शत्रूनें नव्हे, विसरानें

१८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्ली यानें शहर व किल्ला जिंकून घेतला. त्या वेळीं तोफांनीं जें पडलें तें थोडें. त्यानंतरच्या दोन शतकांत निष्काळजीपणानें पडलें तें फार. शहराच्या कोटाचा बहुतेक भाग नाहींसा झाला आहे. दिल्ली दरवाजा, माळीवाड्याची वेस अशा कांहीं खुणा उभ्या आहेत. झेंडीगेट, मंगलगेट हीं नांवें आतां मुख्यतः पत्त्यावर लिहावयाचीं.

खापरी नळांची कहाणी अधिक वाईट. राहुरी तालुक्यांत मुळा नदीवर धरण झालें आणि तेथलें पाणी शहरास मिळूं लागलें, ही आनंदाचीच गोष्ट होय. खांद्यावर घागरी वाहून वांकलेल्या आयाबहिणींना विचारलें तर त्या या नळाला दुवाच देतील. पण दुरून पाणी घरांत आलें आणि दाराशीं असलेल्या पाण्याची कदर गेली. आडांत केरकचरा पडूं लागला, हौद बुजले, पाया खणतांना खापरी नळ लागला तर 'कांहीं जुनीं खापरें निघालीं' म्हणून तो फोडून टाकण्यांत आला. पाऊस दडी मारतो त्या वर्षीं टँकरमागें धांवणारीं माणसें ज्या जमिनीवरून धांवतात तिच्याच पोटांत कित्येक ठिकाणीं चार-साडेचार शतकांपूर्वींची जलव्यवस्था फुटून पडलेली असते. या दैवदुर्विलासाला काय म्हणावें?

१९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेसच्या कार्यकारिणीचे बारा पुढारी नगरच्या किल्ल्यांत आणून ठेविले होते. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेंच लिहिला; मौलाना आझादांच्या 'गुबारे खातिर' मधील पत्रेंहि येथलींच. फुलझाडांसाठीं जमीन खणीत असतां जुन्या भिंतींचे व घुमटांचे अवशेष लागतात, असें पंडितजींनीं त्या ग्रंथांत नमूद केलें आहे. बंदिवानाच्या हातीं कुदळ आली तरी तो थबकून पाहतो कीं, आपल्या कुदळीखालीं काय आलें! स्वतंत्र देशांतल्या आम्हां नागरिकांच्या यंत्रांना तेवढीहि उसंत नसावी काय?

'यासाठीं कायदा आहे ना!' असें कोणी म्हणेल. कायदा आहे, आणि तो हवाच. लॉर्ड कर्झन यांच्या वेळीं १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वतंत्र भारतानें १९५८ सालीं आपला कायदा केला. २०१० सालीं त्यांत दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढें आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण आलें. १९७६ सालीं राज्यघटनेंत मूलभूत कर्तव्यें घातलीं, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचें जतन करणें हेंहि एक कर्तव्य आहे. नगरच्या परिसरांतील दमडी मशीद, फराहबाग, सलाबतखानाची कबर अशा वास्तु केंद्र सरकारच्या संरक्षित यादींत आहेत. परंतु यादींत येणार किती? प्रत्येक आड, प्रत्येक वाडा, प्रत्येक दप्तर कांहीं यादींत येत नाहीं. शिवाय कायदा फार तर पाडणाराचा हात धरील. सांवरावयास हात लावणें हें काम त्याचें नव्हे. तें काम लोकांचें.

रूप पालटलेलें पूर्त

नगरांतील पूर्ताची परंपरा खंडित झाली असें मात्र नाहीं. तिनें रूप पालटलें. १८३८ सालीं येथें वाचनालय निघालें. तेंच आजचें जिल्हा वाचनालय. महाराष्ट्रांतील अगदीं जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. १८४२ सालीं 'ज्ञानोदय' हें पत्र येथेंच जन्मास आलें. १८५४ सालीं नगरपालिका स्थापन झाली व २००३ सालीं तिची महानगरपालिका झाली. जुन्या राजांनीं पाण्याचे हौद बांधले. एकोणिसाव्या शतकांतील नागरिकांनीं विद्येचे हौद बांधले. दोन्हींचा धर्म एकच; ज्यास तहान लागेल त्यानें यावें.

महाराष्ट्र राज्य जन्मास आलें त्याच १९६० सालीं नगरांत ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय स्थापन झालें. इतिहासाचे व्यासंगी सरदार मिरीकर आणि श्री. सुरेश जोशी यांचीं नांवें या स्थापनेशीं जोडलेलीं आहेत. मोडी कागदपत्र, संस्कृत पोथ्या, नाणीं, शस्त्रें, जुनीं चित्रें, नकाशे असा मोठा संचय तेथें आहे. हीं कांहीं राजानें लुटून आणलेलीं रत्नें नव्हेत. यांतला पुष्कळसा ऐवज एके काळीं कोणाच्या तरी माडीवर, माळ्यावर, देवघरांतील फडताळांत पडून होता. तो घराबाहेर आला आणि गांवाचा झाला. आमच्या मतें नगरांतील आधुनिक पूर्ताचें हें उत्तम उदाहरण आहे.

महाराष्ट्रांत या मार्गाचे आद्य प्रवासी कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं बाहेर काढला, त्यांतील कागद वाईस एका घरांत निघाले होते. पानिपतच्या रणसंग्रामाचा इतिहास नव्यानें लिहावयास लावणारें साधन एका कुटुंबाच्या पेटाऱ्यांत होतें! राजवाड्यांनीं पुढें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ सालीं धुळ्यास त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. या साऱ्या संस्था मूळ कोणाच्या जिवावर उभ्या आहेत? ज्या घरच्या कर्त्या पुरुषानें, किंवा बहुतेक वेळां घरच्या एखाद्या म्हातारीनें, 'हे कागद जाळूं नका, कोणाच्या तरी उपयोगीं पडतील' असें म्हटलें, तिच्या जिवावर.

याच्या उलट घडलेलेंहि आम्हीं पाहिलें आहे. आमच्या माहितींतील एका जुन्या घराण्यांत वांटण्या झाल्या, वाडा उतरविला, आणि माळ्यावरचे दप्तराचे तीन रुमाल जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर रद्दीवाल्याच्या तराजूंत गेले. मोडी वाचणारें माणूस घरांत उरलें नव्हतें, आणि वाचणारा शोधावयास कोणास सवड नव्हती. त्या रुमालांत काय होतें? कदाचित् नुसते देण्याघेण्याचे हिशेब असतील. कदाचित् एखाद्या खापरी नळाच्या दुरुस्तीची यादी असेल. आतां तें कोणासच कळावयाचें नाहीं. किल्ल्याचा बुरूज ढांसळला तर त्याचे दगड तरी जागेवर राहतात. कागद गेला म्हणजे त्याची राखहि राहत नाहीं.

दोन आक्षेप

येथें दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. कारण ते आमच्या वाचकांच्याहि मनांत येत असतील.

पहिला आक्षेप वाड्यांच्या मालकांचा. ते म्हणतात, "गुरुजी, वारशाच्या गोष्टी ठीक आहेत. पण वाड्याला वारस वीस, पावसाळ्यांत छपरें गळतात, वाळवीनें तुळया पोखरल्या, भाडेकरूंचें भाडें पणत्या लावण्यापुरतें. आम्हीं काय करावें?" हें दुखणें खरें आहे. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या माणसाला तें सांगावें लागत नाहीं. प्रत्येक वाडा राखलाच पाहिजे असा हट्ट धरणें म्हणजे दुसऱ्याच्या खिशांतील पैशानें आपण पुण्य जोडणें होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाडण्यापूर्वीं चार गोष्टी कराव्या. वाड्याचा साधा नकाशा काढून ठेवावा, छायाचित्रें घ्यावीं. कोरीव खांब, तुळया, दरवाजे यांचें जळण होऊं देऊं नये. आड असेल तर तो बुजवूं नये. नव्या इमारतीच्या पागोळ्यांचें पाणी गाळून त्यांत सोडावें. आणि दप्तर संग्रहालयांत पोंचवावें. याला वीस वारसांची संमति मिळणें अवघड नाहीं, कारण यांत कोणाचा वांटा कमी होत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक. "निजामशाहीच्या कबरी आणि महाल यांशीं आपला संबंध काय?" असें कोणी हळूच विचारतात. त्यांस आम्ही इतिहासच पुढें करूं. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे हे निजामशाहींतील सरदार. त्यांच्या दोन्ही पुत्रांचीं नांवें नगरच्या शहा शरीफ या पिराच्या नांवावरून शहाजी व शरीफजी अशीं ठेवलीं, ही परंपरा प्रसिद्ध आहे. १६२४ सालीं भातोडीच्या लढाईंत शहाजीराजे मलिक अंबराच्या बाजूनें लढले आणि शरीफजीराजांना तेथेंच वीरमरण आलें. स्वराज्याच्या उदयाची पूर्वपीठिका ज्या भूमीवर घडली ती भूमि परकी कशी? आणि पाणी तर कोणाच्याच जातीचें नसतें. खापरी नळांचें पाणी मशिदीच्या हौदांत पडे तसें वाड्यांच्या हौदांतहि पडे. त्या पाण्याचें ऋण सर्वांवर सारखें आहे.

खेड्यांनीं गिरविलेला धडा

शहाण्यासुरत्या शहराला धडा घ्यावयाचा असला तर त्यानें फार दूर जावयास नको. नगर जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. दुष्काळाशीं त्याचें जुनें नातें. याच जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धीनें १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें पाणलोटाचें काम करून दाखविलें. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें गांव तर एके काळीं उजाड होऊन लोक पोट भरावयास बाहेर जात. श्री. पोपटराव पवार यांच्या हातीं १९८९-९० च्या सुमारास तेथील कारभार आला. गांवकऱ्यांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, झाडें लाविलीं, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठीं विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहींत आणि उंसासारखीं तहानलेलीं पिकें लावावयाचीं नाहींत असे निर्बंध आपणच आपणांवर घालून घेतले. पाऊस किती पडला तें मोजून गांव दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडतें आणि त्याप्रमाणें पिकें ठरवितें.

यांत शहरानें शिकण्यासारखें काय? चर खणणें नव्हे, ताळेबंद मांडणें. आपल्याजवळ काय आहे याची मोजदाद हें पूर्ताचें पहिलें पाऊल होय. नगर शहरांत आज जिवंत आड किती, बुजलेले किती, खापरी नळांचे उसासे कोठें कोठें उभे आहेत, शंभर वर्षांवरचे वाडे किती, कोणत्या घरांत दप्तरें आहेत, याची गल्लीवार नोंद नागरिकांच्या एखाद्या मंडळानें केली तर ती लाख व्याख्यानांच्या मोलाची होईल. अशी नोंद हातीं असली म्हणजे शहराच्या विकास-योजनेचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागविल्या जातात त्या वेळीं नुसती ओरड करावी लागत नाहीं. पुरावा मांडतां येतो. भारतांत नगररचनेचा पहिला कायदा १९१५ सालीं आमच्याच मुंबई इलाख्यांत झाला, आणि हल्लींचा महाराष्ट्राचा कायदा १९६६ चा आहे. नागरिकाला बोलावयास जागा आहे. पण मुदत संपल्यावर जागे होण्याची आमची खोड जावयास हवी. ज्या सडकेला चौदा हात रुंदी द्यावयाची ती वेशीच्या पोटांतून न्यावी कीं बाजूनें, हा प्रश्न नकाशावर पेन्सिलीनें सुटतो. तीच रेघ पक्की झाल्यावर तो सुटत नाहीं.

नांव आणि काम

शहराचें नांव बदललें. त्याविषयीं कोणास आनंद झाला, कोणास हळहळ वाटली. जुनें नांव ज्यांच्या ओठीं बसलें होतें त्यांचें तें पुष्कळ दिवस बसलेलें राहील. तो वाद येथें काढण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण ज्या साध्वीचें नांव घेतलें तिच्या कामाचा अर्थ मात्र ध्यानीं घेतला पाहिजे.

अहिल्याबाई या याच जिल्ह्याच्या कन्या. जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें ३१ मे १७२५ रोजीं त्यांचा जन्म झाला. २०२५ सालीं त्यास तीनशें वर्षें पुरीं झालीं. पति गेला, सासरे गेले, पुत्र गेला. अशा स्थितींत त्यांनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालविलें. त्यांची कीर्ति लढायांवर उभी नाहीं. काशीविश्वनाथाचें मंदिर (१७८०), गयेचें विष्णुपद, वेरुळचें घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा. जेथें मोडलें तेथें त्यांनीं सांधलें. या धर्मकृत्यांसाठीं त्यांनीं आपल्या खाजगीचा पैसा वेंचला. त्यांतलें खरें मर्म आणखी वेगळें आहे. बांधलें आणि सोडून दिलें, असें त्यांनीं केलें नाहीं. पूजेअर्चेची व निगराणीची कायमची तरतूद लावून दिली. कोनशिला बसविणारे पुष्कळ असतात. केरसुणीचा आणि दिवाबत्तीचा खर्च लिहून ठेवणारा विरळा. ज्या शहरानें हें नांव धारण केलें त्यानें जीर्णोद्धाराचें व्रत घेतलें, असेंच आम्ही समजतों. हें व्रत घेऊन आड बुजविणें, दप्तरें रद्दींत घालणें आणि वेशी पाडणें म्हणजे गळ्यांत तुळशीची माळ घालून तुळस उपटण्यासारखें आहे.

घरोघर करावयाचें

मोठमोठ्या सभा-समित्यांचें काम मोठीं माणसें करोत. हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्या घरांतील वडील माणसें, सुना-मुली आणि विद्यार्थी यांना करतां येईल असें थोडेंसें सांगून आम्ही लेखणी खालीं ठेवूं.

पहिलें, घरांतील माळा, पेटारा, फडताळ या सुटींत एकदां उघडावें. मोडी कागद निघाले तर त्यांस गोंद लावूं नये, चिकटपट्टी लावूं नये, उन्हांत पसरूं नये. कोरड्या सुती फडक्यांत बांधून ते संग्रहालयांत किंवा जाणत्या माणसास दाखवावे. मूळ कागद द्यावयाचे नसतील तर त्यांचीं छायाचित्रें तरी द्यावीं. आजचीं मुलें खिशांत छायाचित्रयंत्र घेऊन हिंडतात. आजोबांच्या दप्तराचीं चार छायाचित्रें त्यांनीं काढलीं तर त्या यंत्राचें सार्थक होईल.

दुसरें, एका घरांतील एका तरी मुलानें किंवा मुलीनें मोडी शिकावी. बाळबोध उत्तम येणाऱ्यास ती कांहीं आठवड्यांत वाचतां येऊं लागते, मग सराव. सरकारदरबारांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्याला गेली. ती ज्यांच्या बोटांत होती ती पिढी आतां जवळजवळ संपली. शिकविणारे आहेत तोंवर शिकून घेतली पाहिजे.

तिसरें, आमच्या भगिनींसाठीं. चैत्रांतील आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटावयाच्या वाणाची चर्चा दरवर्षीं होते. एका वर्षीं गल्लींतल्या बायकांनीं मिळून आपल्या आळींतील एक आड उपसून घ्यावा, त्यावर लोखंडी जाळी बसवावी आणि त्याची पूजा करावी. याहून चांगलें वाण आम्हांस सुचत नाहीं. गंगापूजन म्हणतात तें हेंच.

चौथें, वर्षांतून एकदां मुलांना घेऊन आपलेंच शहर पाहावें. दमडी मशिदीपुढें उभें राहून दमडीची गोष्ट सांगावी. शहा डोंगरावर चढून 'ही कबर चांदबिबीची नव्हे, सलाबतखानाची. यानें नगरच्या पाण्याची व्यवस्था लावली' एवढें वाक्य मुलांकडून म्हणवून घ्यावें. फराहबाग, वस्तुसंग्रहालय, जिल्हा वाचनालय हीं सहलीचीं ठिकाणें होत. मुलाला जें दाखविलें नाहीं त्याचें तें मोठेंपणीं रक्षण करील अशी अपेक्षा धरणें व्यर्थ.

पांचवें आणि शेवटचें, वर्गणी. वस्तुसंग्रहालय, वाचनालय, इतिहासमंडळ यांपैकीं एकाचें तरी सभासद व्हावें आणि वर्गणी मागावयास कोणी येण्यापूर्वींच पोंचवावी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षीं पोंचली पाहिजे. वाळवीला सुट्टी नसते, गळतीला सुट्टी नसते. तेव्हां निगराणीच्या पैशालाहि असतां कामा नये.

सुलतानांच्या काळीं किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरानें एक दमडी बाजूस काढली, म्हणून साडेचारशें वर्षांनंतर आपणांस अभिमानानें दाखवावयास एक वास्तु उरली आहे. त्याला इतिहास ठाऊक नव्हता, वारसा हा शब्द ठाऊक नव्हता, सभासमारंभाचें निमंत्रण नव्हतें. आपण गांवाचे आहों आणि गांव आपलें आहे, एवढेंच त्याला ठाऊक होतें. आपल्याजवळ त्याच्याहून पुष्कळ अधिक आहे. तेव्हां आपापल्या वांट्याची दमडी ज्यानें त्यानें आजच बाजूस काढावी, हें बरें.